उन्हाळ्याची सफर आणि घरातला उन्हाळा

गड्ड्याची जत्रा उठली की सोलापुरात दोन गोष्टी सुरू होतात. दुपारी डोक्यावरून पदर घ्यावा लागतो आणि घराघरांत मुलांची कुजबुज सुरू होते, “यंदा सुट्टीत कुठं जायचं?” आमच्या घरीही दर वर्षी हेच. कपाटात एक पाकीट असतं. भिशीचे पैसे, ह्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे, ईदीतून वाचवलेले पैसे असं त्यात वर्षभर थोडं थोडं पडत राहतं. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मोजले तेव्हा चोवीस हजार निघाले. मुलांच्या डोळ्यांसमोर लगेच महाबळेश्वर उभं राहिलं.

मी म्हटलं, “यंदा आधी घराचं बघू. कूलर घ्यायचाय.”

धाकट्याचं तोंड उतरलं. पण तो दहा वर्षांचा असला तरी मकतबला नियमाने जाणारा. थोडा विचार करून म्हणाला, “अम्मी, सूरह कुरैशमध्ये अल्लाहने हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या सफरीचं सांगितलंय. मग उन्हाळ्यात सफर करायला काय हरकत आहे?”

सगळे हसले. अब्बांनी तर त्याला दहा रुपये बक्षीस दिले. पण त्या प्रश्नाचं उत्तर देताना मला बरंच खरं बोलावं लागलं, आणि तेच आज तुमच्यासमोर मांडते आहे. कारण हा हिशेब फक्त आमच्या घरचा नाही.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही गोव्याला गेलो होतो. पाच दिवस, सहा माणसं, अठ्ठावीस हजार रुपये. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. गुडघ्यांमुळे त्या येऊ शकत नव्हत्या. “तुम्ही जा, मी आणि अब्बा राहतो, शेजारी आहेत,” असं त्या म्हणाल्या. आम्हीही ते ऐकलं, कारण ऐकायचंच होतं. आमचं घर वरच्या मजल्यावर. वर उघडा स्लॅब, स्वयंपाकघरावर पत्रा. चौथ्या दिवशी दुपारी अम्मी भाकरी करता करता चक्कर येऊन पडल्या. शेजारच्या भाभींनी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलं, अंगातलं पाणी कमी झालंय, वेळेवर आणलं म्हणून बरं. आम्हाला फोन आला तेव्हा मुलं समुद्रात होती.

अल्लाहच्या कृपेने अम्मी दोन दिवसांत बऱ्या झाल्या. त्यांनी एका शब्दानेही कुणाला बोल लावला नाही. उलट “मुलांची सुट्टी बिघडली,” म्हणून हळहळल्या. पण परतीच्या प्रवासात मी आणि हे एकमेकांशी बोललो नाही. पाच दिवसांच्या गारव्यासाठी अठ्ठावीस हजार आणि ज्या घरात माणूस वर्षभर राहतो त्याच्या छतासाठी शून्य, हा हिशेब दोघांच्याही मनात चालला होता.

आपला उन्हाळा कसा आहे?

सोलापूरचा उन्हाळा कोकणासारखा घामट नाही, तो कोरडा आहे. मार्चच्या शेवटी पारा चाळिशीला टेकतो आणि एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंश ही काही बातमी राहत नाही. दिवसाचं ऊन सगळ्यांना दिसतं. त्रास खरा रात्रीचा असतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खाली सोडतो. म्हणून बाहेर अंगणात बरं वाटत असताना खोलीत पंखा गरम वाराच फिरवतो. पत्र्याचं उलट आहे. तो रात्री लवकर निवतो, पण दुपारी त्याच्याखाली उभं राहवत नाही. आणि दुपारी पत्र्याखाली कोण असतं? स्वयंपाक करणारी बाई.

आपल्या जुन्या लोकांची माळवदाची घरं आठवा. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर. दुपारी आत शिरलं की डोळ्यांवर झापड यायची इतकं गार. ती घरं गेली, कारण दर पावसाळ्याआधी माती टाकायला आणि गळती बघायला माणसं उरली नाहीत. स्लॅब आला, पत्रा आला. सोय झाली, पण उष्णता घरात राहायला आली. जे काम पूर्वी भिंती फुकटात करायच्या, ते आता लाईट बिल भरून करून घ्यावं लागतं.

माझी एक मामेबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. तिला हे सगळं सांगत होते तर ती हसून म्हणाली, “बाजी, आमच्याकडे हेच, फक्त उलटं.” तिथे थंडीत घर तापवायला गॅस जाळावा लागतो. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर २०२२ साली तिथे गॅस आणि वीज इतकी महागली की सरकारला मध्ये पडावं लागलं. सर्वसाधारण घराचं वर्षाचं बिल अडीच हजार पौंडांच्या आसपास राहील असे दर त्यांनी ऑक्टोबरपासून बांधून दिले. त्या वर्षी बहिणीने भारतात यायचं रद्द केलं. तिकिटाचे पैसे हीटरला गेले. तिच्या अम्मीला, म्हणजे माझ्या मामींना वाईट वाटलं. पण घरात तीन महिन्यांचं बाळ होतं. त्याला गार खोलीत ठेवून आईला भेटायला कशी येणार? ती म्हणाली, “अम्मीला मी फोनवर भेटू शकत होते, बाळाला फोनवर ऊब देता येत नव्हती.”

तिच्याकडे ऊब विकत घ्यावी लागते, आपल्याकडे गारवा. प्रश्न एकच आहे: पैसा मोजका असताना घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाचा हक्क आधी की सगळ्यांच्या आनंदाचा?

दीन काय शिकवतो?

आपल्याकडे खर्चाचं बोलणं निघालं की कुणीतरी “इस्राफ” हा शब्द काढतो. सहल म्हणजे इस्राफ, एसी म्हणजे इस्राफ. मला वाटतं, हा शब्द आपण फार सहज वापरतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खर्चासाठी वापरतो. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या बंद्यांची ओळख सांगताना दोन्ही टोकं टाळायला सांगितली आहेत. उधळपट्टी नको आणि कंजुषीही नको, मधली वाट धरा. कंजुषीसुद्धा दोषच आहे, हे आपण विसरतो. घरात ऐपत असताना म्हाताऱ्या आईला भट्टीसारख्या खोलीत झोपवणं ही बचत नव्हे.

सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टीची मनाई येते, पण तिच्या आधी नातलग, गरजू आणि वाटसरू यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे. म्हणजे आधी हक्क द्या, मग उधळू नका. हा क्रम महत्त्वाचा आहे. आणि सहीह मुस्लिममधली ती हदीस बहुतेकांना माहीत असेल. खर्चाचे अनेक चांगले मार्ग सांगून रसूलुल्लाह (स.) यांनी सर्वांत जास्त सवाब आपल्या घरच्यांवर केलेल्या खर्चाचा सांगितला आहे. कूलरचे पैसे देताना मी हे मनात म्हटलं होतं.

उन्हाबद्दल तर दीनने किती सवलत दिली आहे पाहा. ऊन फार कडक असेल तर जुहरची नमाज थोडी थंडावा होईपर्यंत उशिरा पढावी, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. नमाजसारख्या फर्जमध्ये उन्हाचा विचार केला गेला, तर आपल्या स्वयंपाकाच्या वेळेत आणि घराच्या रचनेत का केला जाऊ नये?

मग सफर? सफर वाईट नाही. जमिनीवर फिरा आणि अल्लाहने निर्मिती कशी सुरू केली ते पाहा, असं सूरह अन्कबूतमध्ये सांगितलं आहे. पण सफर हा त्रासाचा एक तुकडा आहे, काम झालं की घरच्यांकडे लवकर परता, ही हदीसही आहेच. धाकट्याला मी हेच समजावलं. कुरैश हिवाळ्यात यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे जायचे ते व्यापारासाठी, घर चालवण्यासाठी. आणि त्याच सूरहच्या शेवटी अल्लाहने आठवण करून दिली आहे ती भुकेत दिलेल्या अन्नाची आणि भीतीत दिलेल्या सुरक्षिततेची. सफर घरासाठी होती, घर सफरीसाठी नव्हतं.

त्याला किती कळलं अल्लाह जाणे. पण त्याने विचारलं, “मग मी कूलरसमोर झोपणार?” मी म्हटलं, “नाही, दादी झोपणार. तू तिच्या शेजारी.”

वहीतला हिशेब

आता आकड्यांकडे येऊ. लाईट बिलाचा धाक बाळगून लोक पंखाही बंद करतात, किंवा उलट हप्त्यावर एसी घेऊन मोकळे होतात. दोन्हीच्या आधी युनिट मोजायला शिकावं. एक हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट, एवढं एकच सूत्र लक्षात ठेवा.

जुना साधा छताचा पंखा साधारण पंचाहत्तर वॅटचा असतो. दिवसाला चौदा तास चालला तर एक युनिटाहून थोडं जास्त. नवा बीएलडीसी पंखा अठ्ठावीस-तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. असे दोन पंखे बदलले तर महिन्याला चाळीसेक युनिट वाचतात. आमचा कूलर एकशे ऐंशी वॅटचा आहे. रोज दहा तास चालला तर महिन्याला चोपन्न युनिट. म्हणजे दोन पंख्यांनी वाचवलेली वीजच कूलरने खाल्ली, वर चौदा-पंधरा युनिट काय ते वाढले. दीड टनाचा एसी मात्र रोज आठ तास चालवला तर महिन्याला अडीचशे युनिट सहज घेतो.

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: शंभर युनिटांपर्यंत एक, मग तीनशेपर्यंत दुसरा, मग पाचशेपर्यंत, मग त्यापुढचा. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर जवळपास दुप्पट असतो. पण एक गैरसमज काढून टाका. शंभरच्या वर एक युनिट गेलं म्हणून सगळी युनिटं महाग होत नाहीत, फक्त वरचीच महाग होतात. आमच्या घरी एप्रिल-मेला पावणेदोनशे युनिट व्हायचे, ते कूलर आल्यावर एकशे नव्वद झाले. एसी घेतला असता तर तिसऱ्या टप्प्यात गेलो असतो आणि बिल महिन्याला तीन-साडेतीन हजारांनी तरी वाढलं असतं. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, खोली बंद ठेवावी लागते, त्यांनी एसी जरूर घ्यावा. तो चोवीस ते सव्वीस अंशांवर ठेवून पंख्यासोबत चालवावा. गरज असेल तर तो इस्राफ नाही.

आपल्याकडे कूलर चांगला चालतो, कारण हवा कोरडी आहे. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेतं. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत हे जमत नाही. पण कूलरला खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो ओलावाच वाढवतो आणि मग लोक त्याला नावं ठेवतात.

अडचण आहे ती पाण्याची. उजनी भरलेलं असलं तरी शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हे सोलापूरकरांना काय सांगायचं? कूलर रोज चाळीस-पन्नास लिटर पाणी पितो. आम्ही तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालतो आणि झाडांसाठीचं स्वच्छ पाणी कूलरला वळवतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायची, नाहीतर डास होतात.

कूलरच्याही आधी आम्ही छताला चुना दिला. स्लॅब झाडून-धुऊन, चुन्यात थोडं फेव्हिकॉल मिसळून दोन हात. मार्चमध्ये एका रविवारी हे आणि मुलं मिळून केलं. पांढरं छत ऊन परतवतं, एवढं साधं आहे. अहमदाबादमध्ये २०१० सालच्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर महापालिकेने २०१३ साली उष्णतेचा सामना करण्याचा आराखडा केला, आणि पुढे तिथे वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं कामही हाती घेतलं. आपल्याला कुणाची वाट बघायची गरज नाही.

चोवीस हजारांचा हिशेब असा झाला. कूलर साडेआठ हजार, दोन पंखे पाच हजार सहाशे, चुना-ब्रश-फेव्हिकॉल नऊशे, पत्र्यावर हिरवी जाळी आणि बांबू सोळाशे, स्वयंपाकघरात धूर-वाफ बाहेर फेकणारा पंखा चौदाशे. एकूण अठरा हजार. उरले सहा हजार.

सगळ्यात गरम जागी कोण बसतं?

हा हिशेब करताना मी एक गोष्ट शिकले. घरात कूलर आला की तो आपोआप बैठकीच्या खोलीत जातो, कारण तिथे टीव्ही असतो आणि पुरुष बसतात. स्वयंपाकघराचा कुणी विचार करत नाही. म्हणून एकदा दुपारी बारा वाजता घरभर फिरून बघा, सगळ्यात गरम जागी कोण आहे? पहिला रुपया तिथे घाला.

आमच्या शेजारच्या भाभी विड्या वळतात. त्यांना पंखासुद्धा जोरात लावता येत नाही. तेंदूची पानं सुकतात, तंबाखू उडते. भर उन्हात बंद पंख्याखाली हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा. ज्या दिवशी अम्मींना त्यांनी दवाखान्यात नेलं, त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडाली होती, हे मला फार नंतर कळलं. उरलेल्या जाळीतून आणि चुन्यातून त्यांच्या पत्र्याचंही काम झालं. उपकार म्हणून केलं नाही, तो हक्कच होता.

पण सुट्टीचं काय?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोव्याला माझी जाऊ आली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यात माहेर आणि दवाखाना सोडून ती कुठेच गेली नव्हती. त्या चार दिवसांत तिने एकदाही चूल पेटवली नाही. समुद्राच्या काठावर बसून ती मला म्हणाली होती, “भाभी, मला कुणी काही मागत नाहीये, किती विचित्र वाटतंय.” त्या वाक्याची किंमत मी कुठल्या रकान्यात लिहू? सहल रद्द करा असं म्हणणं पुरुषांना सोपं असतं, कारण ते रोज घराबाहेर पडतात. बाईची सुट्टी रद्द झाली की तिचं काहीच उरत नाही.

म्हणून आम्ही सहल रद्द केली नाही, पुढे ढकलली. आणि हे ठरवताना सगळे बसलो, अम्मी-अब्बा, मुलं, जाऊबाई, सगळे. मुलाचं दूध तोडण्यासारख्या गोष्टीतही आई-बापाने आपसात सल्लामसलत करावी असं कुरआन सांगतो, मग वर्षाच्या बचतीचा निर्णय एकट्याने का घ्यावा?

मेमध्ये थंड हवेच्या ठिकाणी खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि रस्ते गाड्यांनी भरलेले. ऑगस्टमध्ये एका रविवारी आम्ही जीप ठरवून नळदुर्गला गेलो. सोलापूरहून तासाभराची वाट. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बांधलेला पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहू लागले की महालाच्या खिडकीबाहेर पाण्याचा पडदा पडतो आणि आतली खोली गार राहते. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी दगड आणि पाणी एवढ्यावर उन्हाळ्याची सोय केली होती! अम्मीही आल्या. गुडघ्यांमुळे फार आत गेल्या नाहीत, पण बुरुजाच्या सावलीत दस्तरखान अंथरून बसल्या. डबा घरचा असला तरी तो आदल्या रात्री ह्यांनी आणि दिरांनी मिळून केला होता. तशी अटच होती. सगळा खर्च साडेतीन हजार. उरलेल्या अडीच हजारांत मुलांचे रेनकोट आणि दप्तरं झाली.

जाऊबाईंची चार दिवसांची सुट्टी मात्र बाकी आहे. ती वहीत “देणं” म्हणून लिहून ठेवली आहे, आणि यंदाच्या पाकिटातला पहिला हक्क तिचा.

बहिणींनो, आत्ताच बसा

हा अंक हातात पडेल तेव्हा उन्हाळा दारात असेल. तीन गोष्टी आत्ताच ठरवा.

एक, मे महिन्याचे सगळे खर्च एका पानावर लिहा. २०२६ ते २०२८ अशी तीन वर्षं बकरी ईद मे महिन्यातच पडते. म्हणजे कुरबानी, लाईट बिल, लग्नांचे आहेर आणि मागोमाग जूनमधली शाळेची फी असं सगळं एकत्र येणार. पान पाहिल्यावर सहलीचा महिना आपोआप ठरतो.

दोन, कूलर असो की सहल, व्याजाचं कर्ज काढू नका. हल्ली फिरायलाही हप्ते मिळतात. सहल चार दिवसांत संपते, हप्ता वर्षभर उन्हासारखा डोक्यावर राहतो. भिशीचा नंबर मार्चमध्ये मागून घ्या. भिशीतल्या बायका समजून घेतात.

तीन, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि लहान बाळाला दुपारी एकटं सोडू नका. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, चक्कर अशी लक्षणं दिसली तर सावलीत घ्या, ओल्या कपड्याने अंग पुसा, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

मागच्या मेमध्ये एका रात्री लाईट गेली. कूलर बंद पडला. सगळे जागे झाले, पण खोली पूर्वीसारखी तापली नव्हती, छताचा चुना काम करत होता. अंधारात धाकटा दादीला हातपंख्याने वारा घालत होता आणि अम्मी त्याला दुआ देत होत्या. तेवढ्यात तो म्हणाला, “दादी, पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला घेऊनच महाबळेश्वरला जाऊ.”

“इन्शाअल्लाह,” अम्मी म्हणाल्या, “पण आधी तुझ्या चाचीला पाठव.”